हार्ट फेल्युअर: गोळ्या, सूज, धाप आणि घरचा वजनकाटा

पारिजात

नमस्कार मंडळी. आई ६६ वर्षांची, साताऱ्याला आमच्याजवळच असते. मागे अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झालेली, त्यानंतर बरी होती. या दिवाळीनंतर पायावर सूज यायला लागली, रात्री झोपेतून दचकून उठून बसायची, खिडकी उघड म्हणायची. दवाखान्यात नेलं तर इकोमध्ये ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० निघाला आणि डॉक्टरांनी हार्ट फेल्युअर सांगितलं. शिरेतून लघवीची इंजेक्शनं देऊन अंगातलं पाणी काढलं, सूज उतरली, घरी सोडलं. डॉक्टर चांगले आहेत पण ओपीडीला एवढी गर्दी की "या गोळ्या चालू ठेवा, महिन्याने दाखवा" एवढंच बोलणं झालं आणि आम्ही कागद घेऊन बाहेर.

सध्या चालू आहे ते असं: सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन ५० सकाळ-संध्याकाळ, मेटोप्रोलॉल २५, स्पायरोनोलॅक्टोन २५, डापाग्लिफ्लोझिन १०, टॉर्सेमाइड (लघवीची गोळी) २० सकाळी, शिवाय ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी.

आता शंका. बीपी ९६/६० वगैरे येतंय, खुर्चीवरून उठली की गरगरतं, शेजारच्या काकू म्हणतात बीपी एवढं कमी असताना बीपीच्या तीन-तीन गोळ्या कशाला, एक बंद करा. दुसरं, आईला डायबेटीस नाही मग ही डापाग्लिफ्लोझिन म्हणजे शुगरची गोळी का, आणि परवा लघवीच्या रिपोर्टमध्ये शुगर ४ प्लस आली, लॅबवाल्याने पण विचारलं शुगर आहे का म्हणून, तेव्हापासून आई घाबरलीय. तिसरं, तिचे गुडघे दुखतात, आधी ज्या दुखण्याच्या गोळ्या घ्यायची त्या आता चालतील का. आणि लघवीच्या गोळीमुळे ती घराबाहेरच पडत नाही, मामाकडे कोरेगावला जायचं तर एसटीत कुठे थांबणार. डॉक्टरांना विचारणारच आहे पण नक्की काय काय विचारायचं तेही कळत नाहीये. ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी प्लीज लिहा.

सिस्टर_मावशी

पारिजात ताई, मी सीसीयूमध्ये (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात) नोकरी करून रिटायर झालेय, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस सांगणार नाही. पण तुमच्यासारखे नातेवाईक डिस्चार्जच्या वेळी कागद घेऊन गोंधळून उभे राहिलेले खूप बघितलेत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बीपी. या गोळ्या आईला बीपी जास्त आहे म्हणून दिलेल्या नाहीत. हृदय कमजोर झालं की शरीर काही हार्मोन वाढवतं, त्याने मीठ-पाणी साठतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, आणि आधीच दमलेल्या हृदयावर आणखी भार पडतो. सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन, मेटोप्रोलॉल आणि स्पायरोनोलॅक्टोन हा भार कमी करतात, बीपी उतरतं ते त्याच्याबरोबर येणारं. डापाग्लिफ्लोझिन धरून या चार जातीच्या गोळ्या म्हणजे ईएफ कमी असलेल्या पेशंटच्या उपचाराचे चार खांब, जगभर हेच देतात, आणि याने आयुष्य वाढतं हे मोठ्या मोठ्या अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे काकूंच्या सांगण्यावरून परस्पर एकही बंद करू नका. मेटोप्रोलॉल तर अचानक बंद करणं धोक्याचं आहे.

पण गरगरणंही अंगावर काढू नका. ९६ बीपी असून पेशंट चालतोय बोलतोय, जेवतोय, लघवी नीट होतेय तर डॉक्टर सहसा तसंच चालू देतात. उठल्यावर अंधारी येत असेल, तोल जात असेल किंवा वरचा आकडा ९० च्या खाली जात असेल तर महिनाभर थांबायचं नाही, फोन करायचा. बीपी बसून घ्या, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या, दोन्ही लिहून ठेवा. बऱ्याचदा सूज पूर्ण उतरलेली असते आणि लघवीची गोळी मात्र दवाखान्यात होती त्याच डोसने चालू असते, म्हणून अंगातलं पाणी कमी पडून गरगरतं. अशा वेळी डॉक्टर आधी टॉर्सेमाइड कमी करतात, किंवा सगळ्या गोळ्या एकदम न देता वेळा पुढेमागे करतात. ठरवणार तेच, पण तुम्ही हा प्रश्न थेट विचारा: "सूज नाहीये, टॉर्सेमाइड कमी करता येईल का?"

लघवीतल्या शुगरचं सांगते, हा घोळ फार ठिकाणी होतो. डापाग्लिफ्लोझिनचं कामच ते आहे, किडनीतून साखर आणि थोडं सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायचं. गोळी चालू आहे तोवर लघवीत शुगर येणारच, ४ प्लस सुद्धा. रक्तातली शुगर नॉर्मल असेल तर तो डायबेटीस नाही. आधी ही गोळी डायबेटीससाठीच आली, मग २०१९ साली डापा-एचएफ नावाच्या अभ्यासात दिसलं की शुगर नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटलाही तितकाच फायदा होतो. आईला एवढं सांगा की लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवायची, खाज किंवा पांढरं जायला लागलं तर लाजून गप्प बसायचं नाही, ते साध्या औषधाने बरं होतं. आणि उलट्या जुलाब सुरू झाले, जेवण बंद झालं, किंवा कुठलं ऑपरेशन ठरलं, तर ही गोळी काही दिवस थांबवावी लागते, डॉक्टरांना लगेच विचारायचं.

गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब यातलं काहीही नको. अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, किडनीवर ताण आणतात, लघवीच्या गोळीचा असर मारतात. दोन दिवस कंबरेसाठी पेनकिलर घेतली आणि सुजून परत ॲडमिट, असे पेशंट आमच्याकडे नेहमी यायचे. पॅरासिटामॉल चालते, किती ते डॉक्टरांना विचारून. शेक, गुडघ्याचे व्यायाम, फिजिओ, हे करा.

वजनाचं सगळ्यात महत्त्वाचं, पण ते रात्री लिहिते, आता नातीला शाळेतून आणायचंय.

रानवारा

सिस्टर, फार छान समजावलंत. माझे बाबा (नाशिक, ७२) चार वर्षं या आजारासोबत आहेत. मी लक्षणांबद्दल लिहिते कारण पायाची सूज सगळ्यांना माहीत असते पण आमच्याकडे ती सगळ्यात शेवटी आली.

बाबांना आधी खोकला सुरू झाला. कोरडा, आणि फक्त रात्री आडवं झाल्यावर. जवळच्या एका दवाखान्यात कफ सिरप दिलं, मग अँटिबायोटिक दिलं, थंडीचा आहे म्हणाले. नंतर एक उशी होती तिच्या दोन झाल्या, मग आरामखुर्चीत झोपायला लागले. मोठ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "किती उशा घेऊन झोपता?" आडवं झालं की छातीत पाणी भरतं म्हणून खोकला आणि धाप, हे तेव्हा कळलं.

अजून एक म्हणजे वाकून चपलेचा बंद लावताना दम लागायचा. सरळ उभं राहिलं की ठीक. आणि जेवण. अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च, भूकच मेली म्हणायचे, आम्हाला वाटायचं ॲसिडिटी. पोटात आणि लिव्हरमध्ये पाणी धरलं की असं होतं. मोज्याचा वळ पायावर खोल उमटणं, अंगठी घट्ट होणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं हे पण बघत जा. नडगीच्या हाडावर बोटाने दहा सेकंद दाबून ठेवा, खड्डा पडून राहिला तर ते पाणी.

मेडिकलवाला_सांगली

ताई, आमचं मेडिकल आहे, काउंटरवर रोज जे दिसतं तेवढं सांगतो.

डिस्चार्जनंतर सगळ्यात मोठी भानगड म्हणजे डबल गोळी. घरी आधीचं डायटरचं (तेही टॉर्सेमाइडच) पाकीट असतं, दवाखान्यातून दुसऱ्या कंपनीचं टॉर्सेमाइड लिहून येतं, नाव वेगळं रंग वेगळा, पेशंट दोन्ही घेतो. मेटोप्रोलॉलचं पण तसंच. म्हणून घरातल्या सगळ्या जुन्या-नव्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून मेडिकलवाल्याकडे न्या आणि पाठीमागचं औषधाचं मूळ नाव वाचून जुळवून घ्या, कुठलाही चांगला फार्मासिस्ट करून देईल. स्ट्रिप कापताना नाव आणि एक्सपायरीचा भाग शेवटपर्यंत ठेवा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. आईला अटॅकनंतर रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू होती का बघा. असेल आणि घरी शिल्लक असेल तर ती पिशवीतून काढून टाका. ती आणि सॅक्युबिट्रिलवाली गोळी एकत्र कधीच घ्यायची नाही, दोघांमध्ये ३६ तासांचं अंतर लागतं, नाहीतर ओठ जीभ घसा सुजून श्वास अडकू शकतो.

खर्चाचं कुणी विचारलं नाही पण सांगतो, कारण लोक पैशापायी एक दिवसाआड गोळी घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन २०२३ पासून बऱ्याच कंपन्यांनी काढली, डापासारख्याच एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ ला संपलं. प्रत्येक वेळी भाव धडाधड खाली आले. जुन्या महाग ब्रँडवरच अडकून असाल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. महात्मा फुले योजनेत ॲडमिट झाल्यावरचा खर्च बसतो, रोजच्या गोळ्यांचा भार घरावरच येतो, त्यामुळे इथे वाचलेला पैसा मोठा आहे.

मेटोप्रोलॉलची हळूहळू सुटणारी गोळी असते, मधल्या रेघेवर अर्धी केली तर चालते, पण कुटून चुरा करून द्यायची नाही. आणि सर्दीच्या गोळ्या. फिनाइलेफ्रिन किंवा स्युडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या नाडी-बीपी वाढवतात, हार्टवाल्यांनी सर्दीला काहीही घेताना "हार्टच्या गोळ्या चालू आहेत" एवढं बोलायचं. पाण्यात फसफसणारी ॲसिडिटीची पावडर, विरघळणारी गोळी, बहुतेकांत सोडियम असतं.

वऱ्हाडी

मी स्वतः पेशंट. अकोला, वय ५४, ईएफ २५ होता तेव्हा सुरुवात झाली. घरच्यांच्या बाजूने सगळे लिहितात, मी आतून कसं वाटतं ते सांगतो.

मेटोप्रोलॉल सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे असा थकवा यायचा की आंघोळ करून बसलो की उठवत नसे. मला वाटलं आजार वाढला. डॉक्टर म्हणाले शरीराला सवय होऊ द्या, छोट्या डोसने सुरू करून दर दोन आठवड्यांनी वाढवू. तसंच झालं. आता जास्त डोसवर आहे आणि सकाळी फिरून येतो. पण थकव्यासोबत धाप किंवा वजन वाढत असेल तर तो सवयीचा थकवा नाही, तेव्हा फोन.

स्पायरोनोलॅक्टोनने माझी छाती दुखायला लागली, स्तनाग्राजवळ गाठीसारखं. पुरुष माणूस, कोणाला सांगायचं? बायकोने बळजबरीने डॉक्टरांना सांगायला लावलं, त्यांनी लगेच त्याऐवजी एप्लेरेनोन ही गोळी करून दिली, काही महिन्यांत गेलं. पुरुषांनो, हे होतं, सांगा.

आणि आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात ४५ च्या वर जातं. घाम जातो, त्यात लघवीची गोळी, त्यात पाणी मोजून प्या सांगितलेलं. माझ्या डॉक्टरांनी उन्हाळ्याचं वेगळं लिहून दिलंय, वजन अमुकच्या खाली गेलं आणि तोंडाला कोरड पडली की लघवीची गोळी अर्धी. प्रत्येकाने आपल्यासाठी असं आधीच लिहून घ्यावं, जुलाब लागल्यावर रात्री अकरा वाजता कोण फोन उचलणार. आमच्या गल्लीतल्या एका काकांना जुलाब होत असताना सगळ्या गोळ्या तशाच चालू राहिल्या, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) चढलं, किडनीवाल्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं.

एसटीचं: मी टॉर्सेमाइड प्रवासाच्या दिवशी पोचल्यावर घेतो, डॉक्टरांना विचारून. गोळी सकाळी आठलाच पाहिजे असं नाही, दुपारी दोन-तीनपर्यंत घेतली तरी चालते म्हणाले, फक्त संध्याकाळनंतर नको, नाहीतर रात्रभर झोप मोडते. बायका तर प्रवास असला की गोळीच टाळतात, आणि पाणी पण पीत नाहीत. टाळू नका, वेळ सरकवा.

सिस्टर_मावशी

वऱ्हाडी दादा, छातीचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

आता वजन. काटा डिजिटल घ्या, लादीवर ठेवा, सतरंजीवर नाही. सकाळी उठल्यावर लघवी करून, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यात. कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत आकडा लिहायचा, शेजारी बीपी आणि नाडी. सूज पूर्ण उतरल्यावर घरी आलात त्या दिवसाचं वजन हा तुमचा पाया, डॉक्टरांकडून तो आकडा विचारून वर मोठ्या अक्षरात लिहा. चरबी एका रात्रीत वाढत नाही. एका दिवसात किलो-दीड किलो किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणीच, भले पाय सुजलेले नसोत, भले पेशंट म्हणो मला काही होत नाही. त्याच दिवशी फोन करायचा. सूज आणि धाप पुष्कळदा वजनाच्या कित्येक दिवस मागून येतात, आणि या मधल्या दिवसांत गोळीचा डोस बदलून जे भागतं त्यालाच नंतर ॲडमिट व्हावं लागतं. हे मी तळमळीने लिहितेय कारण वॉर्डमध्ये परत आलेल्या पेशंटला "वजन कधी केलं होतं" विचारलं की बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे.

रक्ताची तपासणी महिन्यानेच सांगितलीय का? स्पायरोनोलॅक्टोन नवीन असेल तर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पहिल्या आठवड्याच्या आसपास आणि परत महिन्याने बघतात. ताई, झाली नसेल तर उद्याच फोन करून विचारा.

कोकणकडा

वाचतेय. सासूबाईंना हाच आजार, रत्नागिरी. त्या एकादशी आणि नवरात्र सोडायला तयार नाहीत. उपासाला सैंधव मीठ चालतं ना? ते नैसर्गिक असतं म्हणून आम्ही आता रोजच्या जेवणातही तेच वापरतोय. आणि शहाळं रोज एक देतो, ताकद येते म्हणून.

सिस्टर_मावशी

कोकणकडा, सैंधव पण मीठच, त्यातही सोडियमच असतं. गुलाबी दिसलं म्हणून जास्त घालू नका, मोजूनच. त्याहून मोठी काळजी दुकानात मिळणाऱ्या लो-सोडियम मिठाची. त्यात सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन, सॅक्युबिट्रिलवाली गोळी, दोन्ही आधीच पोटॅशियम वाढवतात. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आधी काही लक्षणही दिसत नाही. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर, त्यामुळे रोजचं शहाळं रक्त तपासून आणि विचारूनच.

उपास. डापाग्लिफ्लोझिन चालू असताना निर्जळी किंवा पूर्ण लंघन अजिबात नको, अंगातलं पाणी कमी होतं आणि शुगर नॉर्मल असूनही रक्तात ॲसिड वाढू शकतं, मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास सुरू होतो. सासूबाईंना देवासमोर बसू द्या, पोथी वाचू द्या, भगर दही खाऊ द्या, पण वेळेवर खाणं आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. आमच्याकडे एका आजींना त्यांच्या गुरुजींनीच सांगितलं की औषध घेऊन केलेला उपास देवाला पोचतो, मग ऐकलं. रोजचं मीठ कमी करायचं असेल तर ताटातल्या भाजीपेक्षा पापड, लोणचं, खारातली मिरची, सांडगे, फरसाण, बेकरीचे टोस्ट-खारी आणि कोकणात असाल तर सुकी मासळी यांच्याकडे आधी बघा.

चाफा

आमच्या वडिलांना एका वैद्यांनी अर्जुनारिष्ट आणि ज्येष्ठमधाचा काढा दिलाय, सोबत ॲलोपॅथी पण चालू आहे. अर्जुन हृदयाला चांगला असतो ना? मग इंग्रजी गोळ्या हळूहळू कमी करता येतील का, ईएफ पण आता ३० वरून ४५ आलाय.

सिस्टर_मावशी

चाफा, ज्येष्ठमध आधी थांबवा आणि वैद्यांनाही सांगा. त्याने अंगात मीठ-पाणी धरतं, बीपी वाढतं, पोटॅशियम घसरतं, हार्ट फेल्युअरमध्ये हे तिन्ही घातक. घसा खवखवतो म्हणून लोक दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळतात तेही नको. अरिष्टांमध्ये आंबवल्यामुळे तयार झालेलं अल्कोहोल असतं, म्हणून बाटली कार्डिओलॉजिस्टना दाखवा, लपवू नका. अर्जुनाच्या भरवशावर या चार गोळ्या सोडाव्यात असा पुरावा नाही.

आणि ईएफ ४५ आला तो गोळ्यांमुळे आला. इंग्लंडमध्ये बऱ्या झालेल्या पेशंटच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू बंद करून बघितल्या, ट्रेड-एचएफ नावाचा अभ्यास, त्यात सहा महिन्यांत ४४ टक्के लोकांचं हृदय परत बिघडायला लागलं. अभ्यास लहान होता पण त्यानंतर डॉक्टर एकमताने सांगतात, बरं वाटलं तरी चालू ठेवा.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये, आईबाबा पुण्यात. इथे हार्ट फेल्युअर नर्स असते, तिचा नंबर पेशंटकडे असतो, वजन वाढलं की तिला फोन. बाबांसाठी आम्ही घरच्या घरी तसं केलंय. बाबा रोज सकाळी काट्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतात, मी एका तक्त्यात भरते, दीड किलोने वाढलं की बहीण डॉक्टरांच्या असिस्टंटला कळवते. आधी बाबांना ते पहारा ठेवल्यासारखं वाटायचं, मग आकडा त्यांनीच भरायचा असं ठरवलं, आता फोटो नाही आला तर तेच आठवण करतात.

एक टीप: बाबांच्या रिपोर्टमध्ये बीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढतं ते) वाढलेलं बघून आम्ही हादरलो होतो. सॅक्युबिट्रिलवाली गोळी चालू असताना बीएनपी त्या गोळीमुळेच वर जाऊ शकतं, कारण बीएनपी मोडणारं एन्झाइमच ती अडवते. या गोळीवर असताना एनटी-प्रोबीएनपी ही टेस्ट बघतात. लॅबमध्ये नाव नीट बघून घ्या.

पारिजात

मंडळी, अपडेट. फोन केला, डॉक्टर म्हणाले बरं केलंत, रक्त तपासून रिपोर्ट पाठवा. पोटॅशियम ५.६ आलं, म्हणजे वाढलेलं. मग सिस्टरांचं वाचून स्वयंपाकघरात बघितलं तर मामाने मोठ्या प्रेमाने हार्टसाठी म्हणून आणून दिलेली लो-सोडियम मिठाची पिशवी निघाली, तिच्यावर बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराईड लिहिलंय. डॉक्टरांनी ते मीठ बंद करून स्पायरोनोलॅक्टोन अर्धी केली, आठवड्याने परत रक्त. सूज नसल्यामुळे टॉर्सेमाइड २० ची १० केली आणि मेटोप्रोलॉल रात्री घ्यायला सांगितली. कालपासून उठताना गरगरणं कमी आहे, उभ्याचं बीपी १०२. वजन ५८.४, काट्याजवळच्या भिंतीवर कॅलेंडर लावलंय.

रॅमिप्रिलचं अर्धं पाकीट खरंच सापडलं, काढून टाकलं. मेडिकलवाले दादा, हात जोडते तुम्हाला.

एकच विचारायचं राहिलं. रात्री-बेरात्री धाप लागली तर कितपत वाट बघायची? आई म्हणते सकाळी बघू, कुणाला त्रास नको.

सिस्टर_मावशी

ताई, आयांचं हे "सकाळी बघू" मी हजारदा ऐकलंय. त्या बोलतात म्हणून थांबू नका. बसूनही धाप कमी होत नाही, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ किंवा बोटं निळसर, थुंकीत गुलाबी फेस, छातीत दुखतंय, चक्कर येऊन पडल्या, बोलणं असंबद्ध झालं, किंवा नाडी फार जोरात अनियमित पळतेय, यातलं एक जरी असेल तर १०८ ला फोन, त्या क्षणी. आडवं झोपवायचं नाही, पाय खाली सोडून बसवायचं, पाणी पाजत बसायचं नाही. गोळ्यांची यादी आणि शेवटचा इको एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दाराजवळच ठेवा. यादीत प्रत्येक गोळीचं मूळ नाव, डोस, वेळ, आणि तुमचा तो ५८.४ चा आकडा. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना हे हातात मिळालं की अर्धा तास वाचतो.

धाप लागून उठली पण बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण शांत झाली, तर सकाळी पहिलं काम फोन, आणि पुढच्या रात्रीपर्यंत लांबवायचं नाही.

रानवारा

पारिजात, आईचं ऐकून बरं वाटलं. एक राहिलं होतं, बाबांचं हिमोग्लोबिन ठीक असून थकवा जात नव्हता, तेव्हा डॉक्टरांनी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासलं आणि लोहाचं सलाईन दिलं, नंतर जिना चढायला लागले. फेरिटिन १०० च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरमध्ये कमतरता धरतात म्हणाले. गोळ्यांनी फारसं भरून येत नाही, शिरेतून द्यावं लागतं. पुढच्या व्हिजिटला विचार. आणि फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची पण, बाबांची तब्येत दोनदा बिघडली ती छातीच्या इन्फेक्शननंतरच.

पारिजात

दोन्ही लिहून घेतलं. मामाकडे रविवारी जातोय, टॉर्सेमाइड पोचल्यावर घ्यायची असं डॉक्टरांनी सांगितलंय. पुढच्या मंगळवारी पोटॅशियमचा रिपोर्ट येईल, इथे टाकते.